हिंगोलीची छावणी आणि सत्तावन्नचें युद्ध

हिंगोली शहरांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा हीं नांवें रोजच्या तोंडांतलीं असतात. तीं कोठून आलीं असें विचारलें असतां "पूर्वीं येथें छावणी होती" एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. छावणी होती हें खरें. १९०३ पर्यंत होती. परंतु ती कोणाची, आणि तिच्यांतील सैन्य कोठें जाऊन कोणाशीं लढलें, ही हकीकत विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखी आहे, व ती थोडी मनास लागणारीही आहे. हिंगोली १ मे १९९९ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वीं तो भाग परभणी जिल्ह्यांतच मोडत असे, म्हणून हा इतिहास आपला म्हणण्यास हरकत नाहीं.

हें सैन्य नांवानें निजामाचें, शिस्तीनें व हुकमानें इंग्रजांचें. १८१३ च्या सुमारास हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल यानें पायदळाच्या दोन पलटणी कवाइती पद्धतीनें उभ्या केल्या, त्यांस रसेल ब्रिगेड म्हणत. एलिचपूर वगैरे ठिकाणच्या जुन्या पलटणी व रिसाले त्यांच्या जोडीस आले. अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या खजिन्यांतून! जानेवारी १८१९ मध्यें हदगावच्या बाजूच्या नव्हा येथील गढीस याच सैन्यानें वेढा घालून नोवसाजी नाईकाचें हटकरांचें बंड मोडलें. आपल्या मुलखाशीं त्याची पहिली मोठी ओळख ही अशी तोफांच्या तोंडून झाली.

पगाराची व्यवस्था मात्र कधींच धड नव्हती. निजामाकडे थकबाकी सांचत गेली, आणि १८५३ त लॉर्ड डलहौसीनें नवा तह करवून वऱ्हाड प्रांत, धाराशिव व रायचूर दोआब हा मुलूख या खर्चासाठीं कंपनीच्या ताब्यांत घेतला. निदान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने ठेवण्याचें ठरलें, आणि सैन्यास हैदराबाद कंटिंजंट असें नांव मिळालें. सारांश, वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत पिकणाऱ्या कापसाच्या महसुलावर हिंगोलीच्या शिपायाचा पगार निघूं लागला. पलटणींचीं ठाणीं अधूनमधून बदलत असत. यास्तव अमुक एक पलटण हिंगोलीचीच असें न म्हणतां सर्व कंटिंजंट एकच घर समजून पुढील वृत्तांत वाचावा.

१८५७ च्या उन्हाळ्यांत उत्तरेस आग भडकली. त्या युद्धास कोणी बंड म्हणतात, कोणी स्वातंत्र्यसमर म्हणतात. रणांगणावर मात्र दोन्हीं बाजूंस एतद्देशीय शिपाईच समोरासमोर उभे होते. कंटिंजंटच्या पायदळांत अवधकडील हिंदुस्थानी शिपायांचा भरणा मोठा होता. ज्या गांवांतले लोक बंगालच्या पलटणींत उठले, त्याच गांवांतले लोक इकडे दख्खनेंत पहाऱ्यावर होते.

पहिली ठिणगी औरंगाबादेस पडली. तेथील पहिल्या रिसाल्यांत आपणांस दिल्लीच्या बादशहावर चाल करण्यास नेणार अशी वार्ता पसरली, आणि स्वारांनीं निजामाच्या हद्दीबाहेर जाण्यास नकार दिला. जून १८५७ त पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज येऊन पोहोंचली. मीर फिदा अली फांसावर गेला. इतरही कित्येकांस मृत्युदंड झाला. १७ जुलै रोजीं हैदराबादेंत तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांनीं रेसिडेन्सीवर हल्ला केला, तोही फसला. दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूनें ठाम राहिला. बाकीचें कंटिंजंट जागचें हललें नाहीं.

हललें तें उत्तरेकडे. सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेंत कंटिंजंटचे रिसाले, तोफा, आणि तिसऱ्या व पांचव्या पलटणीचे पायदळ सामील झालें. मार्च १८५८ च्या आरंभीं मदनपूरच्या घाटांत याच पायदळानें डोंगर चढून वाट मोकळी केली. त्याच महिन्यांत झांशीस वेढा पडला. १ एप्रिलला बेतवा नदीवर, राणीच्या मदतीस आलेल्या तात्या टोपे यांचा मोड झाला, व ३ एप्रिलला शहरावर चढाई झाली. उजव्या बाजूस तटाला शिड्या लावणाऱ्या तुकड्यांत मद्रासचे सॅपर, मुंबईची गोरी पलटण व कंटिंजंटचें पायदळ होतें. पुढें जी कत्तल व लूट झाली तिचें वर्णन शहरांत अडकून पडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनीं "माझा प्रवास" या पुस्तकांत केलें आहे. तें मराठींत आहे, आपल्या पुस्तकालयांत असेल तर अवश्य वाचावें. राणीचें सासर नेवाळकरांचें, रत्नागिरीकडचें, तात्या येवल्याचे. आणि तटावर चढणारी ही पलटण मराठवाड्या-वऱ्हाडांतल्या छावण्यांतून आलेली!

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. ७ मे रोजीं कोंच येथें व २२-२३ मे रोजीं काल्पीस जे शत्रु समोर आले, त्यांत ग्वाल्हेर कंटिंजंटचे शिपाई पुष्कळ होते. तें सैन्य म्हणजे याचें सख्खें भावंडच. तेथें पैसा शिंद्यांचा, येथें निजामाचा. अधिकारी दोन्हींकडे इंग्रज. शिपाईही बव्हंशीं एकाच प्रांताचे. एक कंटिंजंट जून १८५७ तच उठलें, दुसरें त्यावर चालून गेलें. असें कां व्हावें? जातीवरून अगर शौर्यावरून याचा उलगडा होत नाहीं. ग्वाल्हेर आग्रा-कानपूरच्या शेजारीं, आगीच्या झळेंत. दख्खन नर्मदेच्या अलीकडे. हैदराबादचा दरबार इंग्रजांस चिकटलेला. आणि ज्यांनीं थकलेल्या पगाराचे दिवस पाहिले होते त्यांस १८५३ नंतरचा वेळेवर हातीं येणारा पगार स्वस्त वाटला नसावा. यांना एकदम फितूर ठरविणें सोपें आहे, आणि इंग्रजांप्रमाणें राजनिष्ठ म्हणून गौरविणेंही तितकेंच सोपें आहे. मला दोन्हीही पुरेसें वाटत नाहीं.

परंतु पगाराचें कारण एका ठिकाणीं लंगडें पडतें. काल्पी पडल्यावर कंटिंजंटला घरीं परतण्याची परवानगी मिळाली होती. मे महिन्याचें तें ऊन, महिनोन्‌महिन्यांची दौड, आणि कांहीं लोक दक्षिणेची वाट धरून निघालेही होते. इतक्यांत १ जूनला राणी, तात्या व रावसाहेब पेशवे यांनीं ग्वाल्हेर घेतल्याची बातमी आली. तेव्हां हे लोक आपखुषीनें माघारीं वळले. मेजर ऑर याच्या हाताखालीं त्यांस शिप्रीच्या रस्त्यावर पनियार येथें, दक्षिणेची वाट अडविण्यास धाडलें. कोटा-की-सराईला राणी पडली, आणि २० जूनपर्यंत ग्वाल्हेर गेलें. पोटासाठीं शिपाई झालेला मनुष्य सुटी मिळाल्यावर परत फिरतो, तेव्हां त्यास पलटणीचा अभिमान, सोबत्यांची लाज, लुटीची आशा यांपैकीं काय ओढीत असेल?

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या स्वतःच नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले. पेशव्यांचें नांव घेऊन ते वऱ्हाडांत उतरले तर काय होईल या धास्तीनें मेळघाटाच्या खिंडींवर कंटिंजंटचा पहारा बसला. तात्यांस खानदेशच्या बाजूनें पुन्हां नर्मदेपलीकडे जावें लागलें. १८६० च्या तहानें निजामास पन्नास लाखांच्या कर्जाची माफी, धाराशिव व रायचूर दोआब परत आणि सुरापूरचा मुलूख मिळाला. वऱ्हाड मात्र मिळालें नाहीं.

१९०३ त कंटिंजंट हिंदी लष्करांत विरून गेलें. तिसऱ्या पलटणीस ९६ वा व पांचवीस ९८ वा क्रमांक मिळाला. १९२२ त त्यांची हैदराबाद रेजिमेंट झाली, व १९४५ त तिचें नांव कुमाऊं रेजिमेंट असें बदललें. जुनी पांचवी पलटण म्हणजेच आजची चौथी कुमाऊं. ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं काश्मिरांत बडगाम येथें पडलेले, परमवीर चक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे त्याच पलटणीचे.