आईनं स्वतःसाठी गुणगुणावं

प्रश्न : माझा ६ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. दिवसभराच्या ताणानं रात्री झोप लागत नाही. संगीतोपचाराचा मला उपयोग होईल का?

उत्तर : ताई, ताण हलका व्हायला नक्की होईल, मात्र अमुक रागानं तमुक दुखणं जातं, यावर विसंबू नका. संथ लयीचं, तुमच्या आवडीचं काहीही चालेल. नुसतं ऐकण्यापेक्षा तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून ओठ मिटून गुणगुणा. उच्छ्वास लांबतो, हृदयाची गती जरा उतरते. मुलगा आवाजानं कान झाकत असेल, तर दुसऱ्या खोलीत बसा. तेवढी १०-१५ मिनिटं घरातल्या कुणीतरी त्याला सांभाळायलाच हवं. हे मी घरातल्यांनाही सांगतोय. तरीही झोप येईना, रडू आवरेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.