वेल्किनचे पंख वाकले, रंग खरखरीत आला

प्रश्न : वेस्टलँड वेल्किन विमानाचे १/७२ मापाचे रेझिनचे किट आणले. पंख वाकलेले निघाले. एअरब्रशने मारलेला रंगही खरखरीत येतो. काय करावे?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : वेल्किन १९४२ मध्ये प्रथम उडाले. अतिउंचीवरच्या विरळ हवेसाठी त्याच्या पंखांचा विस्तार ७० फूट ठेवला होता. मॉडेलमध्ये तो जवळपास ३० सेंटिमीटर भरतो. एवढे लांब, पातळ रेझिन उष्णतेने वाकते. पंख कढत पाण्यात मिनिटभर बुडवा, सपाट फरशीवर हलक्या हाताने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. जोडताना सांध्यात पितळी तार घालून सुपरग्लू वापरा. प्लास्टिक किटचे सिमेंट रेझिनला धरत नाही. घासकाम ओल्या वॉटर पेपरने, मास्क लावूनच करा.

खरखरीचे कारण बहुधा आपली कोरडी हवा. खान्देशी उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिकचे थेंब पंखावर पोहोचण्याआधीच सुकतात. रंगात थोडा रिटार्डर घाला, एअरब्रश जवळ धरा आणि काम सकाळी लवकर उरका. तयार मॉडेल पत्र्याखाली किंवा उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. पंख पुन्हा वाकतील.