आधी फक्की, मग सही

वस्तीत पुनर्वसनाची योजना आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती फूट मिळणार? पुण्याच्या येरवड्यात आमच्याकडंही तोच होता, आणि उत्तर लगेच मिळालं. २७० चौरस फूट. त्यानंतर कोणी फारसं काही विचारलंच नाही. पुढची सगळी भांडणं मात्र न विचारलेल्या गोष्टींवरून झाली.

योजना वाईट नव्हती, हे आधीच सांगते. २००५ मध्ये केंद्राचं जेएनएनयूआरएम, म्हणजे शहरांच्या नूतनीकरणाचं अभियान, सुरू झालं. त्यातल्या शहरी गरिबांसाठीच्या बीएसयूपी योजनेतून येरवड्यातल्या काही वस्त्यांत कच्ची घरं पाडून तिथंच पक्की बांधायची ठरली. टॉवर नाही, बिल्डर नाही. घराचा खर्च तीन लाखांच्या आसपास धरलेला, त्यातला साधारण दहा टक्के वाटा आपला. आधीच पक्की असलेली घरं तशीच राहणार, शेजार मोडणार नाही. बचत गटातल्या आम्ही बायका टेप घेऊन घरोघर मोजणीला फिरलो, म्हणून आतलं बरंच बघायला मिळालं.

पाच पावलं लांब, तीन पावलं रुंद अशा खोल्या आमच्याकडं ढिगानं. एवढ्या जागेवर एकट्याचं घर उभं राहत नाही. दोन-तीन शेजाऱ्यांनी जागा एकत्र करायची आणि वर मजले चढवायचे. मग खालचं कोणाला, वरचं कोणाला? आमच्या गल्लीत दोन सख्ख्या जावा. थोरलीचे गुडघे गेलेले. धाकटीची शिलाई मशीन दारात, गिऱ्हाईक रस्त्यावरूनच हाक मारणारं. दोघींना खालचंच हवं. नकाशावर दोघींच्या सह्या कधीच झालेल्या आणि त्यात वरचं घर थोरलीचं. पाया भरल्यावर तिला हे कळलं. आज तिच्या घरी रेशनचं पोतं नातवंडं वर चढवतात, आणि जावांचं बोलणं हळदीकुंकवापुरतं उरलंय.

तेव्हा घराला हातोडा लागण्याआधी लिहून घ्या. साध्या कागदावर का होईना, पण लिहून, गल्लीसमोर मोठ्यानं वाचून: खाली कोण, जिना कोणाच्या अंगानं, टाकी कुठं, गच्ची कोणाची. गच्चीचं तर नक्कीच. गच्ची म्हणजे उद्याची खोली हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच कोणी तो विषय काढत नाही.

नकाशा कळत नाही म्हणायला माणसं लाजतात, शिकलेलीसुद्धा. थर्माकोलचं मॉडेल फोटोला बरं, बाकी त्यात काही कळत नाही. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या, महिला मिलन या संघटनेतल्या बायकांनी ऐंशीच्या दशकातच यावर तोड काढली होती: खऱ्या मापाचं घर उभं करून आत फिरून बघायचं. चौदा फूट उंची ठेवून आत माळा काढायचा, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. आम्हाला तेवढं जमलं नाही. आम्ही मोकळ्या जागेत चुन्याची फक्की मारून घर आखलं. एक आजी म्हणाली, थांबा, आणि नातवाकडून आपली लोखंडी खाट उचलून आणवली. खाट ठेवली तर संडासाचं दार उघडेना. मग कपाट आलं, पाण्याचं पिंप आलं, शेगडी आली. तासाभरात मोरीची जागा बदलली आणि दार बाजूच्या भिंतीला गेलं. इंजिनिअरसाहेबांना फक्त रबर फिरवायला लागला. हेच बांधून झाल्यावर करायला गेलो असतो तर भिंत फोडावी लागली असती. जिन्याचं वळणही असंच आखून बघा. तिरडी उतरेल का, हे विचारताना जीभ अडखळते. तरी विचारा.

बांधकाम चालू असताना राहायचं कुठं, हे बैठकीत सगळ्यात शेवटी निघतं, चहा आल्यावर. आमच्याकडं ज्यानं त्यानं आपापली भाड्याची खोली बघितली. गल्ली अरुंद, वाळू-सिमेंट डोक्यावरून न्यायचं, त्यात एका घराचा वाद लागला की शेजारची दोन अडकतात. ठेकेदार जी मुदत सांगेल तिच्या दुप्पट भाडं गाठीला असेल तरच सामान हलवा. आणि सगळी गल्ली एकदम पाडू देऊ नका. पहिली घरं राहती होऊ देत, मग पुढची.

मुंबई-पुण्यात आता बहुतेकांच्या वाट्याला एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, येते. तिथं तर जास्तच जागं राहायला हवं. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता ५१ पुरते. म्हणजे तुम्ही घरी गप्प बसलात तरी वस्तीचा निर्णय होऊन जातो. मोफत घरासाठी लागणारे १ जानेवारी २००० च्या आधीचे पुरावे, म्हणजे मतदार यादीचा उतारा, लाईटबिल, फोटोपास, यांच्या झेरॉक्सचा एक गठ्ठा नातेवाइकांकडं ठेवा. पत्र्याच्या घरात पावसाळा आणि उंदीर, दोन्ही कागद खातात. कमिटीवर दुसऱ्या कोणाचं नाव असलं तरी पात्रतेची यादी लागली की स्वतः जाऊन वाचा, नावातली वेलांटीसुद्धा बघा.

आणि बैठक रात्री नऊनंतर ठेवायला लावा. दुपारी चारच्या बैठकीला कोण येतं? ज्यांना कामावर जायचं नसतं ते, आणि ज्यांचं बैठकीतच काम असतं ते. धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालवणारे, पोटमाळ्यावरचे भाडेकरू, यांना दुसऱ्या दिवशी नळावर कळतं की काय ठरलं. आम्ही वेळ बदलून घेतली तेव्हा पहिल्याच रात्री गच्चीचा विषय निघाला.