घराचा भोंगा घरानेच वाजवावा

मोबाइलचा नाद सुटायला मनाचा निर्धार पुरेसा असतो, असं मला फार काळ वाटत होतं. तो निर्धार मी अनेकदा केला आणि तितक्याच वेळा मोडला. आता अनुभवाने सांगते, एकट्याच्या निर्धारापेक्षा घराने मिळून ठरवलेली वेळ जास्त उपयोगी पडते.

मी कामोठ्यात राहते, नोकरी फोर्टला. मानसरोवरहून सीएसएमटीपर्यंत हार्बर लोकलचा लांबचा प्रवास, त्यात रील्स बघायची सवय लागली. मग ती घरातही आली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मोबाइल, जेवताना मोबाइल, झोपताना उशाशी मोबाइल. झोप कमी झाली, अंगठा दुखू लागला. पण खरं नुकसान वेगळंच होतं. गणित अडलं की मुलगा माझ्याकडे यायचा. मी मान वर न करता म्हणायचे, "थांब रे, आलेच." हळूहळू तो शेजारच्या दादाकडे वही नेऊ लागला. त्याने मला विचारणं सोडलंय, हे माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला.

रील्सचं ॲप काढून टाकलं, पुन्हा घेतलं. यात केवळ मनाचा दुबळेपणा नसतो. पूर्वी वेबसाइटवरचं पान संपलं की पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागे, तिथे हात क्षणभर थांबायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि तो थांबा गेला. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुढची रील मजेची निघेल की कंटाळवाणी, हे ठाऊक नसतं, म्हणूनच बोट थांबत नाही. दिवसभर दमलेल्या माणसाने रोज रात्री एकट्याने याच्याशी झुंजायचं, हे अवघड आहे.

वाट सापडली ती सासरच्या मुलखात. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाकाळात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातातून तो सुटेना. गावाने सभा घेतली आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठचा भोंगा होईपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावत. नियम मुलांपुरता नव्हता, मोठ्यांनाही होता. मला त्यातलं मर्म हेच वाटतं.

आमच्या सोसायटीत भोंगा कोण वाजवणार? म्हणून आम्ही घरापुरतं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "माझी मालिका साडेआठला संपते, त्यानंतरचं काय ते ठरवा." मग साडेआठ ते दहा ही वेळ पक्की झाली. तेव्हा सगळे फोन दारापाशीच्या फळीवर. घंटी चालू असते, कारण अडीअडचणीचा फोन यायलाच हवा. बाकी सूचनांचे आवाज बंद.

पहिले काही दिवस जड गेले. चिडचिड व्हायची, हात सारखा फळीकडे वळायचा. मुलगाही लगेच वही घेऊन आला नाही. मीच त्याच्याशेजारी जाऊन बसू लागले.

तुम्हाला हे करायचं असेल, तर काही गोष्टी सांगते.

वेळ घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवा. लादलेली वेळ टिकत नाही. सुरुवात मोठ्यांनी करावी. आईवडिलांच्या हातात फोन असेल तर मुलांना सांगण्यात अर्थ नाही.

चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढा आणि सेलवर चालणारं गजराचं घड्याळ आणा. "गजरासाठी उशाशी लागतो" ही सबब तिथेच संपते.

रिकामी झालेली वेळ भरा. पत्ते, 'किशोर'चे जुने अंक, भाजी निवडत गप्पा, सेक्टरच्या बागेत एक फेरी, काहीही चालेल. नुसतं बसून राहिलात तर फोन पुन्हा हातात येईल.

फोन पूर्ण सोडायचा हट्ट धरू नका. बँकेचा ओटीपी, भाजीवाल्याचे पैसे, मुलाच्या शाळेचे निरोप त्यावरच येतात. कामासाठी घ्या, काम झालं की ठेवा.

आणि घरातलं कुणी मोबाइलवरचा खेळ थांबवू शकत नसेल, शाळा, झोप, जेवण सोडून त्यातच अडकलं असेल, तर ओरडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या अशा विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू आहे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. १४४१६ या 'टेली-मानस'च्या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मदत मागण्यात कमीपणा नाही.

बाकीच्या घरांना सुरुवातीला अर्धा तासही पुरेल. आज जेवायला बसाल तेव्हा तो कोणता, एवढंच सगळ्यांनी मिळून ठरवा.