हायब्रिड गादी : पोटात काय आहे आणि कोणासाठी आहे?

आपल्या समाजातील नदाफ आणि मन्सुरी बांधवांचे गादीशी नाते नावापासूनचे आहे. 'नद्दाफ' हा अरबी शब्द; अर्थ कापूस पिंजणारा. 'हल्लाज' या शब्दाचा अर्थही तोच. सन ९२२ मध्ये बगदादमध्ये ज्यांना देहान्ताची शिक्षा झाली त्या हुसैन बिन मन्सूर हल्लाज यांच्या नावाशी मन्सुरी बिरादरी आपले नाव जोडते. पण आज गल्लीतून पिंजणाच्या तारेचा आवाज क्वचितच येतो. दुकानात गिऱ्हाईक येते आणि पहिलाच प्रश्न करते, "हायब्रिड आहे का?" आपले अनेक दुकानदार बंधू 'आहे' म्हणतात आणि कंपनीच्या पत्रकात जे छापले आहे ते वाचून दाखवितात. आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून हा लेख. मी मूळचा गादीपाटाचा व्यापारी, गादीचा कारागीर नव्हे. परंतु कापडाच्या निमित्ताने गाद्यांच्या कारखान्यांत पुष्कळ वर्षे जाणे-येणे आहे.

हायब्रिड म्हणजे संकरित, मिश्र. खाली पोलादी स्प्रिंगांचा थर आणि वर फोम, मेमरी फोम किंवा लॅटेक्स यांचा किमान दोन इंचांचा थर, ही त्याची सर्वसाधारण व्याख्या. नुसत्या स्प्रिंगवर अर्धा इंच फोम आणि क्विल्टिंग केलेले कापड असेल तर ती स्प्रिंगची गादी आहे. तिला हायब्रिड म्हणून विकणे योग्य नाही.

स्प्रिंगचे दोन प्रकार ओळखावेत. पहिला बॉनेल. यात डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने जखडलेल्या असतात. एक दाबली की शेजारच्या चार दबतात. पलंगावर नवरा कूस बदलतो आणि बायकोची झोप मोडते ती यामुळे. दुसरा प्रकार पॉकेट स्प्रिंग. यात प्रत्येक स्प्रिंग न विणलेल्या कापडाच्या स्वतंत्र पिशवीत असते आणि आपापली दबते. ही कल्पना जेम्स मार्शल यांची, १९०० च्या सुमाराची, म्हणजे 'नवे तंत्रज्ञान' म्हणून जे विकले जाते ते सव्वाशे वर्षे जुने आहे. बॉनेलची तार जाड असते, साधारण २.२ ते २.४ मिलिमीटर. पॉकेटची पातळ, १.८ ते २ च्या आसपास. तार जाड तितकी गादी कडक. खरी हायब्रिड बहुधा पॉकेटवरच बांधतात, पण स्वस्तातली बॉनेलवरही बनते. बॉनेल असणे हा ऐब नाही. ते लपविणे हा ऐब आहे.

वरच्या थरात काय काय येते? साधा पीयू फोम सर्वांत स्वस्त. मेमरी फोम अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांसाठी तयार केला, आणि १९९१ मध्ये स्वीडनमध्ये तो गादीच्या रूपाने बाजारात आला. तो अंगाच्या उष्णतेने मऊ होतो, थंडीत कडक होतो आणि उष्णता धरून ठेवतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंख्याखाली झोपणाऱ्याला चार इंच मेमरी फोम विकणे म्हणजे त्याच्या रात्री खराब करणे होय. तिसरा लॅटेक्स, रबराच्या चिकापासून. १९२९ मध्ये इंग्लंडच्या डनलॉप कंपनीत ही पद्धत निघाली. आपल्याकडे रबर केरळातून येते. लॅटेक्स जड, टिकाऊ आणि महाग. तो लगेच उसळून वर येतो, म्हणून ज्यांना मेमरी फोममध्ये रुतल्यासारखे वाटते त्यांना हा मानवतो.

आणि चौथा, ज्याच्यावर सर्वाधिक फसवणूक चालते, तो रिबॉन्डेड फोम. फोमच्या कारखान्यातील चिंध्या डिंकाने दाबून हा बनवितात. रंगीबेरंगी ठिपक्यांवरून लगेच ओळखू येतो. कडक आधारासाठी तो चांगला माल आहे. पण काही विक्रेते सांगतात, "साहेब, दुसऱ्यांकडे ३२ डेन्सिटी, माझ्याकडे ९० डेन्सिटी!" हा ९० आकडा रिबॉन्डेडचा असतो. दोन वेगळ्या वस्तूंची डेन्सिटी एकमेकींशी तोलणे म्हणजे कापसाचे वजन लोखंडाशी तोलणे.

डेन्सिटी ताजव्यावर तपासा

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतील वजन. ती कडकपणा दाखवीत नाही. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही असतो, कडकही. ती बहुतांशी टिकाऊपणा दाखविते. आता हिशोब पाहा. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करा, त्याला डेन्सिटीने गुणा आणि ६१,००० ने भागा. उत्तर किलोत येते. ७८ बाय ७२ ची दोन इंच जाडीची शीट ३२ डेन्सिटीची असेल तर वजन सुमारे ५.९ किलो भरले पाहिजे. ४० ची असेल तर सुमारे ७.४ किलो. तुम्हाला ३२ सांगून दिलेली शीट ४.२ किलो भरली तर ती २३ ची आहे, आणि ती अंगाखाली फार दिवस तग धरणार नाही. कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना दिलेली ताकीद आपण धान्य-किराण्यापुरती समजतो. फोमच्या शीटलाही ती तशीच लागू आहे.

एक सावधगिरी. काही कारखाने फोममध्ये खडूची भुकटी मिसळून वजन वाढवितात. अशी शीट ताजव्यावर बरोबर उतरते. म्हणून कापलेली कड बोटांनी चोळून पाहा. भुकटी सुटत असेल, दाबलेला फोम आळसाने वर येत असेल, तर माल परत करा. (मेमरी फोम मात्र स्वभावतःच सावकाश वर येतो, त्याला ही कसोटी लावू नये.)

कापडाबद्दल दोन शब्द, कारण तो माझा धंदा आहे आणि याकडे कोणी पाहत नाही. जुना पट्ट्यांचा गादीपाट विणलेला, घट्ट, न ताणणारा. कापसाच्या गादीला तोच हवा, नाहीतर कापूस बाहेर येतो. पण मऊ फोमवर तसे ताठ कापड चढविले तर ते ढोलाच्या कातड्यासारखे ताणून बसते आणि खालच्या महागड्या थराचा काहीच उपयोग होत नाही. तिथे ताणणारे निटेड कापड पाहिजे. त्याचे जीएसएम तपासणे सोपे आहे: दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा. ३०० जीएसएम असेल तर तीन ग्रॅम भरेल. मी दोन ग्रॅमचे तुकडे ३०० च्या भावाने विकले गेलेले पाहिले आहेत.

कोणाला कोणती?

गिऱ्हाईकाला आधी बजेट विचारू नये. झोपता कसे, हे विचारावे. आपल्या बाजारात याची लाज वाटते, पण डॉक्टर जसा विचारतो तसे विचारले की लोक सांगतात. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर रुतायला जागा हवी, म्हणून वरचा थर दोन-तीन इंचांचा आणि मऊ. पाठीवर झोपणाऱ्याला मध्यम कडक. पोटावर झोपणाऱ्याला कडक आणि पातळ थराची, नाहीतर कंबर खाली जाऊन पाठ धरते. वजनदार माणसाला जाड तार आणि जास्त डेन्सिटीचा फोम. त्याला मऊ गादी विकली की वर्षभरात तक्रार आलीच समजा. जोडप्याला पॉकेट. वयस्कर माणसाला गादीची कड मजबूत हवी, कारण ते कडेवर बसून उठतात. दुकानात त्यांना झोपवून पाहतात तसे कडेवर बसवूनही पाहावे. तान्ह्या मुलाला मऊ हायब्रिडवर झोपवू नये, त्याला सपाट आणि कडक बिछाना सुरक्षित. हे दुकानदाराने न विचारताच सांगावे.

'पाठ दुखते, म्हणून एकदम कडक गादी द्या' असे रोज ऐकू येते. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर ९० दिवस अभ्यास झाला. २००३ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. अर्थात गादी म्हणजे दवा नव्हे. दुखणे वाढत असेल तर गिऱ्हाईकाला डॉक्टरकडे पाठवावे; 'ऑर्थोपेडिक' हा शब्द वापरून गंडवू नये.

आता बजेट. माझा अनुभव असा की डबल बेडच्या मोठ्या मापात, म्हणजे ७८ बाय ७२ मध्ये, दहा हजारांच्या आत कोणी हायब्रिड देत असेल तर त्याने कुठेतरी कात्री लावली आहे. तार पातळ, फोम हलका किंवा कापड निकृष्ट. एवढ्या पैशांत चांगल्या फोमची गादी, रबराइज्ड काथ्याची गादी किंवा आपल्या पिंजाऱ्याने भरलेली कापसाची गादी जास्त इमानदारीची. वीस-पंचवीस हजारांच्या घरात पॉकेटवर चांगला फोम मिळू शकतो, आणि बहुतेक कुटुंबांनी इथेच थांबावे असे मी सांगतो. त्यावरची रक्कम लॅटेक्ससाठी द्यावी, दहा-बारा इंच उंचीसाठी देऊ नये. उंची ही दिखाव्याची गोष्ट आहे. पुष्कळदा त्या उंचीत खाली स्वस्त फोम भरलेला असतो.

काथ्याचा विषय निघाला म्हणून आठवले. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार अल्लाहचे प्रेषित (सल्ल.) यांचा बिछाना चामड्याचा होता आणि त्यात खजुरीचा काथ्या भरलेला होता. लग्नसराईत मुलीचा बाप जहेजसाठी कर्ज काढून बारा इंची गादी मागतो तेव्हा ही हदीस मला आठवते आणि माझा हात गल्ल्यावर अडखळतो. आपल्या विक्रीचा मोठा हिस्सा जहेजचा आहे, हे आपण व्यापाऱ्यांनी मान्य केले पाहिजे. मी अशा बापाला आठ इंची दाखवितो आणि फरक समजावतो. काही ऐकतात, काही दुसऱ्या दुकानात जातात.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी कापडाबरोबर मी तयार गाद्याही ठेवू लागलो. एका कारखान्यातून १२ गाद्या 'पॉकेट हायब्रिड' म्हणून घेतल्या. बिलावर नुसते 'मॅट्रेस' लिहिलेले होते, मी काही बोललो नाही. पाच विकल्या गेल्या. आठ महिन्यांनी एक शिक्षक गिऱ्हाईक आले, गादीच्या मध्यभागी खड्डा. त्यांच्यासमोर दुकानात गादी फाडली. खाली बॉनेल, वर एक इंच रिबॉन्डेड आणि अर्धा इंच हलका फोम. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "शेठ, तुम्ही तरी आत पाहिलं होतं का?"

मी पाहिले नव्हते. अल्लाहचे प्रेषित (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतून ते ओले निघाले, ही हदीस मी लहानपणी उर्दू शाळेत पाठ केली होती. त्या रात्री ती नव्याने समजली. कारखानदाराने माल परत घेतला नाही. पाचही गिऱ्हाइकांना निरोप धाडले. तिघांनी गाद्या परत केल्या, दोघांनी काही रक्कम परत घेऊन ठेवून घेतल्या. उरलेल्या सात 'बॉनेल स्प्रिंग' अशी चिठ्ठी लावून घाट्यात काढल्या. तेव्हापासून कोणत्याही नव्या मालातली एक गादी मी आधी फाडतो आणि तिचा एक फुटाचा कापीव नमुना काउंटरवर ठेवतो. एका गादीचे नुकसान होते खरे, पण गिऱ्हाईक तो नमुना हाताळते आणि सौदा लवकर होतो.

कारागीर बंधूंसाठी

पिंजारी आणि सोफा कारागिरांना वाटते की हा धंदा मोठ्या कंपन्यांचा झाला. पूर्ण खरे नाही. पॉकेट स्प्रिंगचे तयार युनिट आणि फोमच्या शीट मापानुसार विकत मिळतात. चिकटविणे, कापड शिवणे आणि कड बांधणे हे आपल्या हातचे काम आहे. जुन्या सागवानी पलंगांची मापे, ७० बाय ५८ वगैरे, तयार मालात सहसा मिळत नाहीत. तिथे कारागीरच लागतो. शिवाय हायब्रिडवर अंथरायला पिंजलेल्या कापसाची पातळ गादी उत्तम, घाम शोषते आणि उन्हात टाकता येते. हायब्रिड मात्र कडक उन्हात टाकू नये, फोम पिवळा पडून भुगा होतो. आणि वरचा थर एकाच बाजूला असेल तर ती उलटायची नसते, फक्त डोक्याची बाजू पायाकडे फिरवायची.

पलंग विचारल्याशिवाय गादी देऊ नये. नवारीच्या किंवा झोळ पडलेल्या पलंगावर स्प्रिंगची गादी मोडते, आणि पलंग योग्य नसेल किंवा गादीवर डाग असेल तर कंपन्या वॉरंटी नाकारतात. कोकणात प्लायवूड सलग असेल तर त्याला भोके पाडायला सांगावे, दमट हवेत गादीला खालून बुरशी लागते. गुंडाळून खोक्यात येणारा माल गोदामात महिनोन् महिने ठेवू नये. उघडल्यावर पूर्ण फुगायला एक ते तीन दिवस लागतात, हेही आधी सांगावे.

आणि पावतीवर 'हायब्रिड गादी एक नग' असे लिहू नये. वरून खाली थर लिहावेत. माझ्या पावतीवर असे असते: निटेड कापड ३०० जीएसएम; मऊ फोम ४० डेन्सिटी दोन इंच; आधाराचा फोम ३२ डेन्सिटी एक इंच; पॉकेट स्प्रिंग पाच इंच, तार १.९ मिलिमीटर, एकूण जाडी आठ इंच, माप ७८ बाय ७२, वजन, दुकानात तोलून.