‘इथे फ्लड इन्शुरन्स लागत नाही’ म्हणजे नक्की काय?

न्यू जर्सीत किनाऱ्याजवळ घर बघायला लागलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “हे घर एक्स झोनमध्ये आहे, फ्लड इन्शुरन्स लागत नाही.” सांगणारा खोटं बोलत नसतो. पण ‘लागत नाही’चे दोन अर्थ होतात. सक्ती नाही हा एक, आणि गरज नाही हा दुसरा. एजंट पहिल्या अर्थाने बोलतो आणि आपण दुसऱ्या अर्थाने ऐकतो.

त्यात आपल्याकडच्या सवयीची भर पडते. भारतात ‘भारत गृह रक्षा’सारख्या घराच्या पॉलिसीत पूर धरलेला असतो. अमेरिकेत मात्र नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीतून पूर वगळलेला असतो. छत उडालं तर भरपाई मिळेल, पण जमिनीवरून चढत आलेल्या पाण्याची मिळणार नाही. खासगी कंपन्यांना हा धंदा परवडेना, म्हणून १९६८ साली सरकारने राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू केली. आज ती फेमा ही संस्था चालवते. काही खासगी कंपन्याही आता पूरविमा विकतात, पण बहुतेकांची गाठ या सरकारी योजनेशीच पडते.

झोन ठरतात ते फेमाच्या नकाशांवरून. ‘ए’ आणि ‘व्ही’ या अक्षरांनी सुरू होणारे झोन म्हणजे जास्त धोक्याचा भाग. तिथे कोणत्याही एका वर्षात मोठा पूर येण्याची शक्यता किमान १ टक्का धरलेली असते. यालाच लोक ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात, आणि हे नाव फार फसवं आहे. एकदा येऊन गेला की पुढची ९९ वर्षं निवांत, असं काही नसतं. दर वर्षी फासा नव्याने पडतो. आता हिशोब करा: एका वर्षात पूर न येण्याची शक्यता ०.९९. तुमचं गृहकर्ज ३० वर्षांचं, म्हणून ०.९९ ला ०.९९ ने तीस वेळा गुणत जा. उत्तर येतं सुमारे ०.७४. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पूर येण्याची शक्यता २६ टक्के, चारात एक! ‘१ टक्का’ ऐकून खांदे उडवणारा माणूस ‘चारात एक’ ऐकल्यावर सरसावून बसतो, आकडा मात्र तोच असतो.

नकाशावर ‘एई ११’ असं लिहिलेलं दिसेल. याचा अर्थ अंगणात ११ फूट पाणी असा नाही. ही उंची ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. तुमची जमीन ७ फुटांवर असेल तर त्या पुरात दारात ४ फूट पाणी. जमीन १० फुटांवर असेल तर फूटभर. एकाच गल्लीतल्या दोन घरांचं नशीब असं वेगळं असू शकतं, म्हणून झोनच्या अक्षरापेक्षा ही वजाबाकी जास्त उपयोगी आहे.

‘व्हीई’ झोनमध्ये पाण्यावर लाटाही असतात, ३ फूट किंवा त्याहून उंच. एक घनफूट पाण्याचं वजन जवळजवळ २८ किलो. असं टनावारी पाणी दर काही सेकंदांनी भिंतीवर आदळतं. म्हणून तिथली नवी घरं खांबांवर बांधावी लागतात आणि खालच्या भिंती लाटेच्या धक्क्याने सुटून पडतील अशाच ठेवाव्या लागतात. भिंत गेली तरी चालेल, घर राहिलं पाहिजे.

मग एक्स झोन? तिथे धोका कमी, शून्य नव्हे. ‘ए’ किंवा ‘व्ही’ झोनमध्ये बँकेचं कर्ज घेतलंत तर पूरविम्याची सक्ती असते, एक्समध्ये नसते. सक्तीची हद्द तिथे संपते, पाण्याची नाही.

२९ ऑक्टोबर २०१२ ला सॅण्डी वादळ ब्रिगँटाइनजवळ जमिनीवर आलं. न्यू जर्सी आणि लाँग आयलंड यांचे किनारे एकमेकांशी जवळपास काटकोन करतात आणि त्या कोपऱ्यात रॅरिटन उपसागर आहे. वाऱ्याने पाणी त्या कोपऱ्यात कोंडलं, त्यात पौर्णिमेची भरती. मॅनहॅटनच्या टोकाशी पाणी नेहमीच्या भरतीपेक्षा सुमारे ९ फूट वर चढलं. सँडी हूकचं मापक यंत्र तर कमाल पातळी येण्याआधीच बंद पडलं. युनियन बीचसारख्या गावांचं फार नुकसान झालं. याच किनाऱ्यावर समुद्राची पातळी गेल्या शतकात सुमारे एक फुटाने वाढली आहे, आणि पुढे होणारी वाढ फेमाच्या विम्याच्या नकाशांत धरलेली नसते.

तुंबलेल्या गटारांमुळे साचणारं पावसाचं पाणीही बहुतांशी त्यांत नसतं. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या शेपटाने सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस पाडला. समुद्राचा संबंध नव्हता, तरी न्यूयॉर्कमध्ये तळघरांत राहणारी माणसं बुडून मेली. ज्यांनी २६ जुलै २००५ ची मुंबई पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१७ मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत दीड लाखांहून जास्त घरांत पाणी शिरलं. त्यांतली निम्म्याहून अधिक घरं १ टक्क्याच्या झोनबाहेर होती.

२०२१ पासून फेमाने हप्त्याची पद्धतही बदलली. आता हप्ता झोनवरून नव्हे, तर पाण्यापासूनचं अंतर, जमिनीची उंची, घर पुन्हा बांधायचा खर्च अशा गोष्टींवरून ठरतो. जुन्या पॉलिसीचा हप्ता नव्या दरापर्यंत टप्प्याटप्प्याने वाढतो. राहत्या घरासाठी ही वाढ बहुधा वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे पॉलिसी असेल तर ती आपल्या नावावर करून घेता येते का ते विचारा. त्याची सवलत तुम्हाला मिळू शकते.

या सरकारी पॉलिसीत घराच्या बांधकामासाठी कमाल अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख मिळतात. सामानाचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो आणि भरपाई घसारा वजा करून मिळते. दुरुस्तीच्या काळातलं हॉटेलचं भाडं मिळत नाही. भाड्याने राहणाऱ्यांनाही सामानाचा विमा घेता येतो.

सगळ्यात जास्त गैरसमज असतो तो बेसमेंटबद्दल. फर्नेस, वॉटर हीटर, विजेचं पॅनेल यांची भरपाई मिळते. वॉशर-ड्रायर सामानाच्या विम्यात येतात. पण आपण हौसेने सजवलेलं बेसमेंट, म्हणजे कार्पेट, रंगवलेल्या भिंती, सोफा, गणपतीच्या मखराची खोकी, यांतलं काहीही नाही. चारही बाजूंनी जमिनीखाली असलेल्या मजल्याला हा नियम लागू होतो.

आणि पॉलिसी घेतल्यापासून ३० दिवस ती लागू होत नाही. घर घेताना कर्जासोबत घेतलीत तर ही अट नसते. एरवी टीव्हीवर वादळाचा मार्ग दिसायला लागल्यावर फोन केलात तर उशीर झालेला असतो. वादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो, म्हणजे एप्रिलच्या अखेरीपर्यंत पॉलिसी हातात हवी.

घराची ऑफर देण्यापूर्वी फेमाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून नकाशा बघा. सखल जागी असाल तर उंचीचा दाखला आहे का विचारा, त्याने हप्ता कमी होऊ शकतो. न्यू जर्सीत मार्च २०२४ पासून विकणाऱ्याला पूर्वीच्या पुराची माहिती लेखी द्यावी लागते. तो कागद मागून घ्या. आणि एक्स झोन असला तरी हप्ता किती पडेल ते एजंटकडून विचारून घ्या, तेही सही करण्याआधी.