वादळाची आगोट

मुख्य बोध : वादळाच्या दिवशी घर तयार करता येत नाही, त्या दिवशी केवळ तयार घराचे दार लावता येते.

वाचकहो, आगोट म्हणजे काय हे कोकणातील मनुष्यास समजावून सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात लाकूडफाटा वळचणीखाली येतो, कौले चाळून घेतात, पडवीस झावळ्यांचे झाप बांधतात, आणि मीठ, मसाला, कडधान्य व सुकी मासळी यांची बेगमी होते. ही चाल आपल्या वाडवडिलांनी पावसाकरिता घातली. पाऊस वरून पडतो, आणि कौलांचा उतार चांगला असला म्हणजे तो निघून जातो. परंतु चक्रीवादळ छपरास खालून उचलते. त्याकरिता आगोटीच्या नेहमीच्या कामांत आणखी काही कामे घालणे अवश्य आहे. ती कोणती, व कोणत्या क्रमाने करावी, हे या पाठात पाहावयाचे आहे. ग्रामशिक्षकांनी हा पाठ एप्रिल महिन्यातच वाडीवाडीतून वाचून दाखवावा आणि शेवटी दिलेले प्रश्न विचारावे.

१. चक्रीवादळ म्हणजे काय?

समुद्राचे पाणी सुमारे २६ ते २७ अंश सेल्सियसहून अधिक तापले म्हणजे त्यावरील दमट हवा वर चढू लागते, खाली हवेचा दाब कमी होतो, आणि सभोवतालची हवा त्या जागेकडे धाव घेते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न येता चक्राकार फिरत येते. आपल्या गोलार्धात हे फिरणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. अशा वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला म्हणजे हवामान खाते त्यास चक्रीवादळ म्हणते. ८९ झाला म्हणजे तीव्र, आणि ११८ झाला म्हणजे अतितीव्र. वेस्ट इंडीज बेटांत यासच हरिकेन म्हणतात व चीनच्या समुद्रात टायफून म्हणतात. नावे निराळी, परंतु वस्तू एकच.

आपल्याकडे याचे दोन हंगाम आहेत : एक एप्रिल ते जून, व दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर एक आणि पावसाळा सरल्यावर एक. अरबी समुद्रात अशी वादळे बंगालच्या उपसागराहून कमी होतात. यामुळे “वादळे पूर्वेकडची, आपल्याला त्यांचे काय?” असे म्हणण्याची आपणांस सवय लागली होती. परंतु नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ यांनी ही सवय मोडली आहे.

२. ३ जून २०२० चा धडा

‘निसर्ग’ वादळाची हकीकत नीट ध्यानात घ्यावी. १ जून रोजी अरबी समुद्रात त्याचा आरंभ झाला. २ जून रोजी ते चक्रीवादळ झाले. ३ जून रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, व झोतांचा १२० पर्यंत होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली व मंडणगड या तालुक्यांत हजारो घरांची छपरे गेली, आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब पडल्यामुळे कित्येक गावे काही आठवडे अंधारात राहिली. घाट चढून ते पुणे जिल्ह्यातही नुकसान करीत गेले. म्हणून घाटावरील वाचकांनीही हा पाठ आपला नाही असे समजू नये.

यात शिकण्याजोगी गोष्ट ही की, आरंभ झाल्यापासून दारात येईपर्यंत या वादळाने सुमारे दोनच दिवस घेतले. सूचना वेळेवर मिळाली होती व पुष्कळ लोक सुरक्षित जागी गेले, म्हणून जीव वाचले. परंतु दोन दिवसांत सुतार मिळत नाही, पट्ट्या व बोल्ट मिळत नाहीत, आणि त्या वर्षी तर साथीमुळे बाजारही धड उघडे नव्हते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण छपरासही लागू आहे.

३. वारा छप्पर कसे नेतो?

पुष्कळांस वाटते की वारा छपरास बाजूने धक्का देऊन पाडतो. तसे नाही. वारा पाख्यावरून वेगाने जातो तेव्हा वरच्या बाजूस दाब कमी होतो व छप्पर वर ओढले जाते. अशा वेळी एखादी खिडकी फुटली किंवा दार उघडले, तर आत शिरलेला वारा त्यास खालून ढकलतो. दोन्ही जोर एका दिशेचे झाले म्हणजे छप्पर उडते. आणि छप्पर गेले म्हणजे आधार नसलेल्या भिंती पडतात. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा जोर चौपट होतो, हेही लक्षात असावे. ताशी ५५ किलोमीटरच्या वाऱ्यात जो पत्रा नुसता खडखडला, तो ११० च्या वाऱ्यात चौपट जोराने ओढला जातो.

दृष्टांतादाखल समजा, एका वाडीत दोघे भाऊ शेजारी राहतात. वैशाखात धाकटा शिडी लावून पत्र्याचे हूक तपासू लागला, तेव्हा थोरला ओट्यावरून म्हणाला, “अरे, घर आजोबांच्या हातचे. साठ पावसाळे पाहिले त्याने. त्याला काय होते?”

धाकटा म्हणाला, “दादा, आजोबांचे घर चौपाखी होते, कौलारू होते, वासे हाताएवढे जाड होते. पुढची ही पत्र्याची पडवी तू गेल्या वर्षी काढलीस. तिने किती पावसाळे पाहिले?”

थोरला काही बोलला नाही. पण थोड्या वेळाने स्वतःच शिडी धरावयास आला. कडेच्या दोन पत्र्यांस मिळून चारच हूक होते.

वाचकहो, आपल्या गावांत हीच स्थिती कित्येक घरांची आहे. मूळ घर मजबूत, आणि त्यास जोडलेली नवी पडवी, न्हाणीघर किंवा गोठा कच्चा. वादळ कच्च्या जागेतून आत शिरते.

४. अक्षय्य तृतीयेपूर्वी करावयाची कामे

पहिले काम छपराचे. पत्रे उचलण्यास आरंभ होतो तो कडेपासून, कोपऱ्यांपासून व आढ्यापासून. म्हणून मध्यभागी असतील त्याहून अधिक हूक किंवा बोल्ट या तीन जागी असावे. गंजलेले हूक बदलावे. कौलारू घरात वळचणीजवळच्या खालच्या ओळी व आढ्यावरची कौले तारेने रिपांस बांधावी किंवा चुन्या-सिमेंटात बसवावी.

दुसरे काम सांध्यांचे. कौल किंवा पत्रा रिपेस बांधला, परंतु वासा भिंतीवर नुसता टेकलेला असला, तर सगळे छप्पर एकदम उचलले जाते. प्रत्येक वासा भिंतीवरील आडव्या लाकडास लोखंडी पट्टीने किंवा जाड जस्ती तारेचे पेड देऊन बांधावा, आणि ते लाकूड भिंतीस किंवा खांबास जखडावे. पत्रा रिपेस, रीप वाशास, वासा भिंतीस, भिंत पायास, अशी ही साखळी आहे. तिची एक कडी सुटली तर बाकीच्यांचा उपयोग नाही. गवताचे किंवा झापांचे छप्पर असेल त्यावरून काथ्याचे दोर आडवे-उभे घालून जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांस ताणून बांधावे.

तिसरे काम पडवीचे. पडवीचे छप्पर मुख्य छपराच्या वाशांवर पुढे न ओढता निराळे बांधावे. म्हणजे ती गेली तरी घर घेऊन जाणार नाही. नवे घर बांधणाऱ्याने चौपाखी छप्पर पसंत करावे. दुपाखीपेक्षा ते वाऱ्यास अधिक टिकते.

चौथे काम झाडांचे. घराकडे कललेला जुना माड, पोकळ झालेला फणस, वाळलेली फांदी, यांची व्यवस्था आताच करावी. माडांवरचे सुके नारळ व झावळ्या उतरवून घ्याव्या.

पाचवे काम दारांचे. प्रत्येक दारास आतून अडसर असावा. खिडक्यांच्या मापाच्या फळ्या कापून, त्यांवर खुणा करून माळ्यावर ठेवाव्या. ऐन वेळी फळी शोधणारा मनुष्य वाऱ्यात सापडतो.

५. सूचना कशी ओळखावी?

भारतीय हवामान खाते पायरीपायरीने सूचना देते. पहिली सुमारे ७२ तास आधी, ती पूर्वसूचना होय. दुसरी किनाऱ्यावर वाईट हवा सुरू होण्याच्या निदान ४८ तास आधी, तिसरी निदान २४ तास आधी, आणि चौथी सुमारे १२ तास आधी; या चौथीत वादळ किनारा ओलांडल्यावर आत कोठे जाईल हेही सांगतात. बंदरावर लावलेला बावटाही पाहावा. १ पासून ११ पर्यंत क्रमांक आहेत, आणि सामान्यतः मोठा क्रमांक अधिक धोका दाखवितो. पाच व त्यावरील क्रमांक त्या बंदरासच धोका आहे असे सांगतो.

पहिली सूचना कळताच होड्या वर ओढून बांधाव्या आणि समुद्रावर कोणी जाऊ नये. दुसरी कळताच अंगणातील सुटे पत्रे, विटा, कुंड्या, टोपल्या आत घ्याव्या; वाऱ्यातील एक कौल मनुष्यास ठार करू शकते. झाकणाच्या भांड्यांत पिण्याचे पाणी भरावे. चूल न पेटविता खाता येईल असे अन्न, म्हणजे पोहे, चुरमुरे, गूळ, भाजलेले पीठ, निदान तीन दिवसांचे ठेवावे. तान्ह्या मुलांचे दूध व म्हाताऱ्यांची औषधे निराळी बांधावी. विजेरी, काड्यापेटी, सेलवर चालणारा रेडिओ व भरलेला मोबाइल जवळ असावा. सातबारा, शिधापत्रिका, आधारपत्र व बँकेचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरच्या जबाबदार बाईच्या हाती द्यावे. कारण ते कोठे आहे हे तिलाच ठाऊक असते, आणि ऐन वेळी तिलाच विचारतात.

तिसरी सूचना कळताच खिडक्यांस फळ्या माराव्या व गुरांची दावी सोडावी. बांधलेले जनावर पडत्या गोठ्याखाली मरते.

६. घर सोडावे केव्हा?

जो प्रश्न सर्वांत कठीण आहे तो हा. ज्याचे घर कच्चे, किंवा खाडीच्या वा समुद्राच्या काठी सखल जागी, किंवा कड्याखाली आहे, त्याने वर सांगितलेली सर्व कामे केली तरी घरात राहू नये. वादळाबरोबर समुद्राचे पाणी चढते, आणि त्याच वेळी भरती असली तर ते घरात येते. पाण्यापुढे हूक व बोल्ट चालत नाहीत. दिवस असतानाच शाळा, ग्रामपंचायतीची इमारत किंवा प्रार्थनामंदिर, यांपैकी जे पक्क्या छपराचे व उंच जागी असेल तेथे जावे. कोणी एकट्या म्हातारीस न्यावयाचे, कोणी अपंगास उचलावयाचे, हे नावनिशीवार आधीच ठरवून ठेवावे.

“चोर येतील, कोंबड्या जातील,” असे म्हणून घरधनी मागे राहतो. त्याने ओडिशाकडे पाहावे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे मृत्यू पावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ हे अति उग्र वादळ आले. परंतु या वेळी लाखो लोकांनी आधीच घरे सोडली होती, आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. घरे दोन्ही वेळा पडली. दुसऱ्या वेळी ती पुन्हा बांधावयास माणसे उरली.

७. वादळ चालू असता व नंतर

विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅसची टाकी बंद करावी, आणि सर्वांनी घराच्या आतल्या, लहान खोलीत बसावे. वाऱ्याकडील दारे-खिडक्या उघडू नयेत. मध्येच वारा एकाएकी पडला तर वादळ संपले असे समजू नये. वादळाचा मध्यभाग घरावरून जात असता अर्धा तास किंवा अधिक शांत वाटते. नंतर वारा उलट दिशेने पहिल्याच जोराने येतो. छप्पर पाहावयास बाहेर पडलेली माणसे या वेळी सापडतात.

वादळ गेल्यावर पडलेल्या तारेस काठीनेही स्पर्श करू नये. विहिरीचे पाणी उपसून, शुद्ध करून, उकळूनच प्यावे. नुकसानीची छायाचित्रे घ्यावी व तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. त्यापूर्वी पडझड हलवू नये. आणि आपले घर पाहून झाल्यावर शेजाऱ्याचे पाहावे.

प्रश्न

१. आपल्याकडे वादळाचे हंगाम किती व कोणते?
२. ‘निसर्ग’ वादळास आरंभ झाल्यापासून किनाऱ्यावर येण्यास किती वेळ लागला? त्यावरून आपण काय शिकावे?
३. पत्र्यास अधिक हूक कोणत्या तीन जागी असावे?
४. वारा मध्येच पडला तर बाहेर का जाऊ नये?
५. आपल्या वाडीत एकटे राहणारे कोण आहे, आणि त्यास न्यावयास कोण जाणार?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर या पत्रात छापलेले नाही. ते वाडीने आजच बसून ठरवावे व शाळेच्या भिंतीवर लिहून लावावे.